अठ्ठावीस पिवळ्या टोप्या

मामा,

तुम्हाला जाऊन आज अकरा दिवस झाले. रविवारच्या मुलांचे पालक तुमच्या आठवणींची एक पुस्तिका काढत आहेत आणि त्यात मी लिहावे, असा त्यांचा आग्रह आहे. आग्रहासोबत त्यांनी मुद्देही पाठवले आहेत: जन्मगाव, शिक्षण, व्यवसाय, मुलांसाठी केलेले कार्य, पुरस्कार. शेवटच्या मुद्द्यापुढे कंसात 'असल्यास' असे आहे. ते वाचून तुम्ही पोट धरून हसला असता. मी ती यादी बाजूला ठेवली आहे. ज्यांनी तुमच्या भरवशावर आपली मुले सोडली, त्यांना तुमचे जन्मगाव कळून काय मिळणार? त्यांना सांगण्यासारखी एकच गोष्ट माझ्याकडे आहे आणि ती मी दहा महिने दडवून ठेवली.

या पुस्तिकेत सगळे तुमच्याविषयी चांगलेच लिहितील. लिहिताना अनेकांच्या मनात एक वाक्य मात्र असेल आणि सभ्यपणामुळे ते कागदावर येणार नाही: माणूस भला होता, पण वेरूळला पोरीला विसरून आला. हे वाक्य खोटे आहे. ते खोटे असल्याचे तीन माणसांना माहीत होते. एक तुम्ही. दुसरा त्या दिवशीच्या बसचा चालक, जो आता कुठे असतो हे मला ठाऊक नाही. तिसरी मी. तेव्हा आता मी बोलले नाही, तर ते खोटे कायमचे तुमच्या नावावर राहील.

मी नऊ वर्षांची असताना वडील मला स्कूटरवर बसवून हिमायत बागेत घेऊन आले, कारण त्यांच्या कार्यालयातल्या कुणीतरी सांगितले होते की तिथे रविवारी सकाळी 'मामा' म्हणून ओळखला जाणारा एक पेंटर मुलांना चित्रे काढायला शिकवतो. तुम्ही चिंचेखाली उकिडवे बसला होता. समोर एक जुना फ्लेक्स पालथा पसरला होता आणि त्याच्या पांढऱ्या पाठीवर सात-आठ मुले पोटावर पडून रंगवत होती. मी नवी वही आणि बारा रंगांची पेटी छातीशी धरून उभी होते. तुम्ही पेटीकडे पाहिलेही नाही.

"ती पेटी ठिव बाजूला. आधी त्या झाडाकडं बघ."

"किती वेळ?"

"ते तुझ्याकडं बघंस्तवर."

मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, "बघ की मग, सांगतात तर." आणि ते रविवारची भाजी घ्यायला निघून गेले. अर्ध्या तासाने मला त्या चिंचेच्या बुंध्यात एक बसलेली म्हातारी दिसली. मी ती कुणालाही सांगितली नाही, चितारली मात्र. तुम्ही चित्र पाहून एवढेच म्हणालात, "हां. दिसली व्हय तुला पण."

फ्लेक्सच्या सुलट बाजूला कुठल्याशा पुढाऱ्याच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. एका मुलीने भीत भीत विचारले, की याच्यामागे काढलेले त्यांना चालेल का. तुम्ही अत्यंत गंभीर चेहऱ्याने सांगितलेत, "खुशाल म्हैस काढ. आपल्या पाठीमागं काय चाललंय, ह्ये त्या सायबाला कधीच कळत नाय."

या फ्लेक्सनेच तुमचे काम नेले होते, हे मला फार उशिरा समजले. एके काळी शहागंजातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या तुमच्या हातच्या होत्या. एकाच ब्रशने तुम्ही मराठी, इंग्रजी आणि उर्दू तिन्ही लिप्या उतरवत असा, आणि उर्दू तर तुम्हाला वाचताही येत नव्हती. मग छपाईची यंत्रे आली आणि दोन-तीन वर्षांत तुमची शिडी भिंतीला टेकली ती टेकलीच. सोळा वर्षांची असताना मी तुम्हाला विचारले होते, फ्लेक्सचा राग येत नाही का. "येतो की. लई येतो. म्हून तर पोरांला त्येच्यावर लोळाया लावतो."

आपले भांडण कधी सुरू झाले, हे मला नेमके सांगता येईल. मी अकरावीला शास्त्र शाखेत गेले आणि गोगाबाबाच्या टेकडीवर मुलांना झाडांची शास्त्रीय नावे सांगू लागले. तुमच्याकडे निराळे वर्गीकरण होते. तुमच्या वडिलांनी करमाडच्या पलीकडच्या माळांवर जन्मभर मेंढरे चारली होती आणि तुमच्या लेखी झाडांचे तीनच प्रकार होते: जनावर आवडीने खाते ती, उपाशी असले तरच खाते ती आणि मेले तरी तोंड लावत नाही ती. मी म्हणाले, हे अवैज्ञानिक आहे. तुम्ही म्हणालात, "आसंल माय. पण तुझ्या नावानं पोराला ह्ये कळतं का, की ह्या झाडाची काडी चावली तर तोंडाला फेस यील?" मी विषय बदलला. तुमच्यासमोर अडचण आली की विषय बदलायचा, ही सवय मला तेव्हापासून लागली असावी.

एम.एस्सी. करून मी पुन्हा रविवारी येऊ लागले तेव्हा सोबत सुधारणा घेऊन आले. मुलांची संख्या वाढली होती; नव्या वसाहतींमधून, जिथे खेळायला पार्किंगखेरीज जागा नाही, तिथून आईवडील मुले आणून सोडत होते. चिंचेखालची चित्रे, टेकडीवरची चढाई, पाने-दगड गोळा करणे, काव आणि हळदीपासून रंग करणे. शहरातल्या मुलांना हे दुसरीकडे कुठेही मिळत नव्हते. मला ते नीट, पद्धतशीर आणि मोठे करायचे होते. मी संमतिपत्रे छापली, प्रथमोपचाराची पेटी आणली, शिट्टी आणली. तुम्ही शिट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एका पोरीला देऊन टाकली. तिने ती तीन रविवार वाजवून सगळ्यांना हैराण केले.

आणि हजेरी. तुम्ही कधीच मुले मोजत नव्हता. मला ते भयंकर बेजबाबदारपणाचे वाटे. तुम्ही नुसती नजर फिरवायचा आणि म्हणायचा, "चला." मी त्यावर वाद घातला तेव्हा तुम्ही वडिलांचे सांगितलेत: त्यांना विसाच्या पुढे आकडे येत नव्हते, मेंढरे साठाच्या वर होती आणि तरीही संध्याकाळी कळप वाड्यात शिरताना त्यांना नुसते बघून कळायचे. "येक कमी हाय, आसं नसतं माय. कोण कमी हाय, आसं असतं."

मला ते काव्य वाटले. मी प्रयोग केला. तुम्हाला पाठमोरे बसवायचे, एका मुलाला झाडामागे लपवायचे आणि मग वळून ओळखायला सांगायचे. मुले या खेळावर खूश होती. तुम्ही एकदाही चुकला नाहीत. मी वहीत नोंदी केल्या आणि काही रविवारांनी प्रयोग बंद केला. कारण विचारले असते तर मी वेळेचे दिले असते. खरे कारण हे, की निष्कर्ष मला नको होता.

त्याऐवजी मी पिवळ्या टोप्या आणल्या. सर्वांना एकसारख्या, लांबून दिसणाऱ्या, आत मार्करने माझा फोन क्रमांक लिहिलेल्या. पालकांना त्या फार आवडल्या. तुम्ही पहिल्या रविवारी टोप्यांच्या त्या रांगेकडे बराच वेळ पाहत राहिलात आणि म्हणालात, "आगं, सगळी पोरं येकसारखीच दिसाया लागली की."

"तोच तर उद्देश आहे, मामा."

"व्हय का," म्हणालात तुम्ही. त्यानंतर टोप्यांविषयी तुम्ही वेरूळपर्यंत अवाक्षर काढले नाही.

वेरूळची सहल माझी कल्पना होती. लेणी दाखवायची नव्हती. लेण्यांच्या वरच्या माळावर बसून खालचा मुलूख रंगवायचा होता. त्या सकाळी तुम्ही मुलांना फक्त एक निळा आणि एक पिवळा दिलात आणि सांगितलेत की यातून जेवढे हिरवे निघतील तेवढे काढा. मुले दुपारपर्यंत हिरव्यावरून भांडत होती. तुमच्यासोबतच्या सगळ्या रविवारांतली ती सर्वांत चांगली सकाळ होती, हे मला लिहून ठेवायचे आहे, कारण त्या दिवसाविषयी बोलताना ती सकाळ कुणालाच आठवत नाही.

खाली उतरायला उशीर झाला. त्याच संध्याकाळी सहा वाजता माझी संशोधनप्रवेशाची मुलाखत होती, घरून, संगणकावर. दोन वर्षे मी तिची वाट पाहिली होती. तुम्हाला ते माहीत होते, सकाळपासून तुम्हीच मला चिडवत होता, "आज डॉक्टरीणबाईंची परीक्षा हाय, त्यांला छळू नका रे." आपण वाहनतळावर आलो तेव्हा पावणेचार झाले होते. सीताफळांचे दिवस होते. रस्त्याकडेला फळांच्या पाट्या मांडून बायका बसल्या होत्या. मी मुलांना बसमध्ये चढवले, मधल्या वाटेने एकदा पुढे आणि एकदा मागे गेले. अठ्ठावीस. अठ्ठावीस.

तुम्ही दारात उभे राहून आत पाहत होता. मुले दमली होती. निम्म्यांनी टोप्या डोळ्यांवर ओढल्या होत्या. तुम्ही हळूच म्हणालात, "माय, कोणतरी राह्यलंय."

"मामा, अठ्ठावीस आहेत. दोनदा मोजलेत."

"आसतील. पर कोण ते कळंना गेलंय. टोप्या काढाया सांग सगळ्यांला. दोन मिंटं."

मी घड्याळ पाहिले. "मामा, नको. उशीर होतोय."

तुम्ही खाली उतरलात, पाट्यांच्या बाजूला एक नजर टाकलीत, परत आलात. "कल्याणी, आईक माझं. टोप्या काढाया सांग."

तुम्ही मला नावाने क्वचितच हाक मारत होता. मी त्या क्षणी ते लक्षातही घेतले नाही. मी म्हणाले, आणि शब्द न् शब्द मला पाठ आहे, "मामा, आता हे तुमचं मेंढरांचं शास्त्र पुरे." चालकाने मान वळवून माझ्याकडे पाहिले. तुम्ही दार ओढून घेतलेत. मग सीटवर बसत म्हणालात, "बरं माय. चल मग."

घाटात एका मुलीला उलटी झाली. तुम्ही तिचे कपाळ धरायला गेलात, टोपी काढलीत आणि तसेच थांबलात. ती आपली मुलगी नव्हती. तिचे नाव आरती. सीताफळे विकणाऱ्या बाईची ती लेक. सात वर्षांच्या आपल्या सनाने तिला दोन सीताफळांच्या बदल्यात टोपी दिली होती, आणि टोपी डोक्यावर आल्यावर आरतीला वाटले होते की आता आपल्याला बसमध्येही बसून बघता येईल. बस सुटली तेव्हा ती घाबरून गप्प राहिली. मी मुले मोजली नव्हती, मामा. मी टोप्या मोजल्या होत्या. आणि माझा फोन क्रमांक सनाकडे नव्हता, कारण तो टोपीत होता.

बस वळवून आपण परतलो तेव्हा पाट्यांभोवती गर्दी जमली होती. सना एका उलट्या टोपलीवर बसून रडत होती आणि तिच्याशेजारी आरतीची आई त्याहून मोठ्याने रडत होती. पोरे पळवणारी टोळी आली, असे कुणीतरी ओरडले. तुम्ही सर्वांच्या आधी खाली उतरलात. आरतीच्या आईने लेकीला एक थप्पड मारली आणि मग तिला असे काही आवळले की पोरगी पुन्हा कासावीस झाली. एका माणसाने तुमची कॉलर धरली.

"कुणाची जिम्मेदारी व्हती ही? कोण बघत व्हतं पोरं?"

"म्या," तुम्ही म्हणालात. "म्या बघत व्हतो. चुकलं दादा. आपलीच लेकरं समजा अन् सोडा."

मी बसच्या पायरीवर उभी होते. एक पायरी उतरून खाली यायचे होते. मी उतरले नाही.

शहरात पालक बागेच्या फाटकाशी थांबले होते. कुणाच्या तरी फोनवरून बातमी आधीच पोचली होती. सनाच्या आईने लेकीला उचलून घेतले आणि तोच प्रश्न विचारला. तुम्ही तेच उत्तर दिलेत. एक मोठी मुलगी बोलली, "पण मोजलं तर ताईंनी..." तुम्ही तिच्या डोक्यावर हात ठेवलात. "ताईनं आकडा मोजला, बाळा. पोरं बघायचं काम माझं व्हतं." सहाला दहा मिनिटे कमी होती. तुम्ही माझ्याकडे न पाहता म्हणालात, "जा तू. तुझं टायम झालं."

आणि मी गेले. मुलाखतीत मला विचारण्यात आले की समाजात विज्ञान नेण्याचा काही अनुभव आहे का. मी हजेरीची पद्धत, संमतिपत्रे आणि टोप्या यांविषयी बोलले. मी चांगले बोलले. माझी निवड झाली.

या दहा महिन्यांत मी या घटनेचे पृथक्करण अनेकदा केले आहे. तुमच्या बाजूने एक शक्यता अशी, की तुम्ही खोटे बोललाच नाहीत. टोप्या काढायला न लावता सीटवर बसणे हीच तुम्हाला आपली चूक वाटली असेल. दुसरी, की तुम्ही मला वाचवलेत, कारण मला पुढे जायचे होते. कोणती खरी, हे फक्त तुम्ही सांगू शकला असता. मी विचारले नाही. माझ्या बाजूने शक्यता एकच आहे आणि तिला भित्रेपणा म्हणतात.

त्यानंतरच्या रविवारी अकरा मुले आली. डिसेंबरात सहा. मी जानेवारीत शहर सोडले. तुम्ही त्या सहा मुलांना घेऊन टेकडीवर जात राहिलात. फोनवर मी दर वेळी विचारायची, "किती जण होते?" आणि तुम्ही आकडा न सांगता नावे सांगायचा. सहा नावे सांगायला फार वेळ लागत नाही, मामा. मला त्या वेळेचीही भीती वाटू लागली होती.

होळीला आले तेव्हा तुम्ही टेकडीच्या पायथ्याशी तीन दगडांवर डबा ठेवून पळसाची फुले उकळत होता. मी वाटेत वाक्य तयार करून आणले होते. मी म्हणाले, "मामा, वेरूळचं मला..." तुम्ही काडीने डबा ढवळत म्हणालात, "हां, बरी आली. ह्येच्यात चुना टाकला की रंग फिरतो, त्ये कशानं गं? ही पोरं माझं डोकं खात्यात." मी आम्ल आणि अल्क समजावून सांगितले. वीस मिनिटे, उदाहरणांसहित. मुलांनी टाळ्या वाजवल्या. तुम्ही मुद्दाम विषय बदललात की तुम्हाला खरोखरच चुन्याचे कुतूहल होते, हेही मला आता कळणार नाही. एवढे कळते, की तुम्ही विषय बदललात तेव्हा मला हायसे वाटले होते.

तुमच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. मी पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. अंगणात तुमची सायकल उभी होती आणि कॅरिअरला गुंडाळलेला एक फ्लेक्स बांधलेला होता, येत्या रविवारसाठी. मला रडू आले, पण मामा, ते रडू मला फार सोयीचे वाटले. सगळेच रडत होते. कुणी काही विचारणार नव्हते.

म्हणून परवा मी शहागंजात गेले. सनाची आई तिथल्या एका बोळात साड्यांना फॉल-पिको करते. दुकान म्हणजे एक मशीन आणि एक बाक. तिने मला ओळखले. "आव टीचर, बैठो." मी बसले नाही. उभ्यानेच, क्रमाने, जसे घडले तसे सांगितले. तिने मशीनवरचा पाय काढला.

"दो बार बोले थे उनो?"

"हो. दोनदा."

"और तुम नक्को बोली."

"हो."

"कायकू?"

मी मुलाखतीचे सांगितले.

"मिला फिर? जो होना था तुमकू?"

"मिळालं."

"हौ. मिलनाच था." तिने सुईतला दोरा काढला, पुन्हा ओवला. मग माझ्याकडे न बघता बोलू लागली. "रोज सुबू यहींच से जाते थे, सायकल पे. रोज बोलते, सलाम भाभी. मैं मुंडी मशीन में डाल के बैठती थी. दस महिने, टीचर. एक दिन सलाम छोड़े नहीं उनो, और मैं एक दिन जवाब दी नहीं. जाने के पहले के जुम्मे कू बी." तिने मान वर केली. "तुम चुप बैठे. ठीक है, तुम्हारा तुम जानो. पन मेरेसे ये कायकू करवाए? अब मैं किसकू सलाम करूं? बोलो ना."

मी क्षमा मागितली. तिने ती ऐकली की नाही, सांगता येत नाही. एवढे महिने मला वाटत होते, की माझ्या गप्प राहण्याची किंमत तुम्ही एकट्याने दिलीत आणि तुमची हरकत नव्हती. मी या बाईचा विचारच केला नव्हता. तिच्यासारखी आणखी एकवीस घरे या शहरात आहेत, जिथे तुमचे नाव निघाले की आवाज जरा खाली जातो.

निघताना तिने मला थांबवले. "मुँह से बोले सो हवा में जाता. लिख के देव. सना मराठी शाळा में पढ़ती. उसकू पढ़ने दो, और मेरेकू बी सुनाएगी."

मामा, तुमच्याकडे मी क्षमा मागणार नाही. तुम्ही 'जाऊ दे माय' म्हणाला असता आणि मी ते जाऊ दिले असते. हा लेख इथपर्यंत मोठ्यांसाठी होता. सना आता आठ वर्षांची आहे. तिला लांब वाक्ये वाचता येत नाहीत. म्हणून पुढचे तिच्यासाठी लिहिते आहे. तुम्ही तेवढे थांबा.

सना, त्या दिवशी आम्ही तुला सोडून गेलो. मामांना ते कळलं होतं. त्यांनी मला दोनदा सांगितलं, की सगळ्यांच्या टोप्या काढून बघ. मला घरी जायची घाई होती. मी नाही म्हटलं.